उलट विचारून बघा

भालेराव सरांना हाक मारली तर ते ओ देत नाहीत. कान चांगले आहेत त्यांचे. पलीकडच्या खोलीत माझ्या हातून बशी फुटली, तर "निळ्या काठाची फुटली ना?" म्हणून जागेवरून विचारतात. पण नुसतं "सर" म्हटलं, "भालेराव" म्हटलं, "अहो" म्हटलं, तर मान वर होत नाही. पूर्ण नाव घ्यावं लागतं. मधुकर सखाराम भालेराव. मग चष्मा कपाळावर जातो आणि "हं, बोला" येतं.

एकदा त्यांच्या खुर्चीमागच्या वायरींतून धूर निघाला. फोन घेणारी नेहा ओरडत सुटली, "सर, ओ सर, सर." सर आपले स्क्रीनकडे बघत बसलेले. शेवटी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "अहो मधुकर सखाराम भालेराव, तुमच्या पाठीला आग लागतेय."

"हं, बोला," सर म्हणाले.

वायर विझल्यावर नेहा भडकली. "जळून मेला असता ना."

"या इमारतीत सर किती आहेत?" ते म्हणाले. "वरच्या मजल्यावर क्लास आहे, तिथले सगळेच सर. तू कोणाला विचारलंस तेच नक्की नाही, तर उत्तर कोणी द्यायचं?"

आमचं ऑफिस डोंबिवलीच्या एमआयडीसीत आहे. आजूबाजूच्या कारखान्यांना इंटरनेटची लाइन आणि मेलची सोय करून देतात. मालक केळकर साहेब, फोनवर नेहा, लाइन टाकणारी माणसं बाहेर फिरतीवर, आणि आत कोपऱ्यात थंडगार हवेत भालेराव सर. मी झाडलोट करते, चहा करते. सरांचं काम काय ते मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं, कारण ते नुसते बसलेले दिसायचे. मग एकदा चहा देताना त्यांनीच सांगितलं. चहाची वाट बघताना ते कोणालाही सांगतात, समोरच्याला कळतंय की नाही ते बघत नाहीत.

कॉम्प्युटर एकमेकांना नंबराने ओळखतात. माणसांच्या डोक्यात नंबर राहत नाही, म्हणून प्रत्येक नंबराला एक नाव देतात. कुठल्या नावाचा नंबर कोणता, हे कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. ते लिहायचं काम सरांचं. पण तेवढ्यावर भागत नाही. दुसऱ्या जागी परत लिहावं लागतं, उलट्या बाजूने. नंबर आधी, नाव नंतर. आणि तिथे तो नंबरही शेवटाकडून सुरुवातीकडे लिहितात. लिहून झालं की शेवटी टिंब. टिंब राहिलं तर नावाला शेपूट फुटतं आणि ते नाव जगात कोणालाच सापडत नाही. सर टिंब देताना ओठ आवळतात, सुईत दोरा ओवल्यासारखे.

"लोक पहिली बाजू लिहितात आणि हात झटकतात," ते म्हणायचे. "त्यांना वाटतं, एक लिहिलं की दुसरं आपोआप होतं. होत नाही, सुमनबाई. दोन्ही वेगळं असतं."

एका कारखानदाराने फोनवर आकांडतांडव केलं होतं, की त्यांच्या मेली समोरून परत येतायत. सरांनी फोन कानापासून लांब धरला आणि ओरडणं संपल्यावर म्हणाले, "तुमचं मशीन दुसऱ्याच्या दारात जाऊन नाव सांगतं. दारवाला तुमच्या नंबराला उलट विचारतो, तुझं नाव काय? तुमचा नंबर गप्प बसतो. मग दारवाला दार लावून घेतो. मी असतो तर मीही लावलं असतं."

"मग आता काय करू?"

"तुम्ही काही करू नका. मी लिहितो. पण जगाला कळायला वेळ लागेल. ज्याच्या डोक्यात जुनी माहिती बसलीय, त्याच्या डोक्यातून ती जाईपर्यंत थांबावं लागतं."

ऑफिसातल्या मशीनांना त्यांनी माशांची नावं दिली आहेत. सुरमई, मांदेली, बोंबील. केळकर साहेब शुद्ध शाकाहारी. त्यांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर बांगडा आहे. "बांगडा सकाळपासून उत्तर देत नाही," असं सर गिऱ्हाइकांसमोर म्हणाले की साहेब भिंतीकडे तोंड करतात. एकदा त्यांनी विचारलं, "फुलांची नावं देता आली नसती का हो?"

"फुलांची नावं लोक मुलींना देतात," सर म्हणाले. "घोटाळा होतो. बांगडा नावाची मुलगी मी पाहिलेली नाही."

ऑफिसपुरतं असतं तर चाललं असतं. पण सर सगळ्या जगाला उलट बाजूने विचारत सुटतात. कुरिअरवाला म्हणाला, "भालेराव तुम्हीच ना?" की सर म्हणतात, "मी हो म्हणेन, त्याला काय अर्थ आहे? खाली जा, वॉचमनला विचारा, चष्मेवाला काळा माणूस, त्याचं नाव काय. तो भालेराव म्हणाला तर वर या." आणि तो बिचारा खरंच खाली जातो. वॉचमन नवीन असला तर पार्सल परत. लग्नाच्या पत्रिकेवरच्या हॉलला फोन करून विचारतात, "त्या तारखेला तुमच्याकडे कोणाचं लग्न आहे?" हॉलवाल्याने तेच नाव सांगितलं तरच लग्नाला जातात. आणि कोणी काही खात्रीने सांगितलं की त्यांचं एकच वाक्य, "उलट विचारून बघा."

ऑफिसात मला सगळे मावशी म्हणतात. माझं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, मीही कधी सांगितलं नाही. सरांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. सुमन दत्ताराम घाग. मी दबकत म्हटलं, "सुमन सासरचं. माहेरी मला इंदू म्हणायचे. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात ह्यांनी अंगठीने सुमन लिहिलं, मग तेच झालं."

सर चहा प्यायचे थांबले. "मग इंदू कुठे गेली? काढून टाकली?"

"काढली कशाला. आता कोणी घेत नाही ते नाव."

"म्हणजे नोंद आहे, विचारणारा नाही," ते म्हणाले आणि कितीतरी वेळ कपात बघत बसले. मला वाटलं चहात माशी पडली.

सर कल्याणजवळ मोहन्याला राहतात. वडील तिथल्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, वडील गेले, खोली राहिली. लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची आई, शांताबाई. आईला विसरायला होऊ लागलं होतं. आधी गॅस, मग जेवण झालं की नाही ते. मग एक दिवस सर चहा घेऊन तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "सुमनबाई, आमच्या आईची एक बाजू गेली."

मला वाटलं लकवा. हात जोडले गेले माझे.

"तसं नाही. मधुकर कोण विचारलं की बरोबर सांगते. माझा मुलगा, डोंबिवलीला कामाला आहे, लई हुशार आहे, पण लगीन करत नाही. सगळं बरोबर. पण मी समोर उभा राहून विचारतो, मी कोण? तर म्हणते, तुम्ही दूधवाले का?" थोडं थांबून म्हणाले, "नावावरून माणूस सापडतो तिला. माणसावरून नाव सापडत नाही."

त्यानंतर रोज सकाळी निघताना ते आईला दोन्ही बाजूंनी विचारत. मधुकर कोण? आणि मग, मी कोण? ऑफिसात आल्यावर मी तोंडाकडे बघायची. कधी म्हणत, "आज डॉक्टर." कधी म्हणत, "आज घरमालक. भाडं नंतर देते म्हणाली." सगळे हसायचे, तेही हसायचे. एकदा म्हणाले, "आज थोडं आठवल्यासारखं केलं. बघितलं माझ्याकडे. मग म्हणाली, बसा, मधुकर येईलच एवढ्यात." त्या दिवशी कोणी हसलं नाही.

त्यांना एवढंच हवं होतं, की जायच्या आधी एकदा तरी तिने त्यांच्याकडे बघून मधुकर म्हणावं. दुसरं काही त्यांनी कधी कोणाकडे मागितलेलं मला माहीत नाही.

दिवसा शेजारच्या सखुबाई लक्ष ठेवायच्या. तरी आई दार उघडून चालू लागायची. म्हणून सरांनी एक प्लास्टिकचं कार्ड बनवून तिच्या गळ्यात घातलं. शांताबाई सखाराम भालेराव, आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर. लावल्यावर त्यांनी शेजारच्या माणसाला कार्डावरून फोन करायला लावला, आपल्याला लागतो का ते बघितलं, मगच ऑफिसला आले. म्हणाले, "आता दोन्ही बाजू पक्क्या."

पावसाळा संपता संपता एक दिवस दुपारी सखुबाईंचा फोन आला, की म्हातारी घरात नाही. सर उठले, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. ते चप्पल शोधत होते, म्हणून नेहानेच तो स्पीकरवर टाकला.

"भालेराव का?" एक बाई होती. "तुमची शांताबाई आमच्याकडे शिरलीय."

सर खुर्चीवर बसले. "आहे ना? बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय. आमची सगळी मेथी खाल्ली."

"भूक लागली असेल हो. खाऊ द्या. मी येतो. तोपर्यंत बसवून ठेवा."

"बसतेय कसली. बांधून ठेवू का?"

"बांधू नका," सर म्हणाले. "म्हातारी आहे ती."

"म्हातारी?" बाई म्हणाली. "अहो दादा, गाभण आहे ती."

मग फोनमधून शेळी ओरडली.

शांताबाईंनी गळ्यातलं कार्ड काढून शेजारच्या शेळीच्या गळ्यात घातलं होतं. का, ते त्यांनाच ठाऊक. कदाचित शेळी हरवू नये म्हणून. शेळी सापडली. शांताबाई सापडल्या नाहीत.

सरांनी पोलिसांत तक्रार दिली. फोटो वाटले. कोणी म्हणालं, म्हातारी कल्याणला बसमध्ये चढताना दिसली. पुढचं कोणाला माहीत नाही. केळकर साहेब म्हणाले, "तुम्ही घरी थांबा हो." पण सर ऑफिसातच यायचे, कारण फोन तिथे होते आणि नेहा तिथे होती. एरवी त्यांची टिंगल करणारी ती पोरगी दिवसभर दवाखान्यांना फोन लावायची. "शांताबाई भालेराव नावाच्या आजी आहेत का?" नाही. "शांताबाई भालेराव?" नाही. गिऱ्हाइकांचे फोन आले की म्हणायची, "सर लाइनवर काम करतायत," आणि ठेवून द्यायची. त्याच दिवसांत सरांचं पहिल्यांदा एक टिंब राहिलं आणि एका कारखान्याचं नाव जगातून गायब झालं. कारखान्याचा मालक ऑफिसात भांडायला आला. सरांकडे बघितलं आणि चहा पिऊन गेला.

संध्याकाळी सर ठाण्यापर्यंत फिरत. जिथे नुसती प्रेतं ठेवतात तिथेही जाऊन आले. दुसऱ्या दिवशी कपाला हात न लावता मला म्हणाले, "तिथे पायाला नुसते नंबर बांधलेले असतात, सुमनबाई. नंबराला नाव नाही. एकालाही नाही." मी कप उचलून नेला, परत गरम करून आणला.

मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही याल का माझ्याबरोबर? बायकांच्या वॉर्डात मला दारातच थांबवतात." मला अनोळखी माणसांत जायची फार भीती वाटते. पण गेले.

कळव्याच्या बाजूला एक दवाखाना होता. नेहाने तिथे आधीच फोन केलेला, त्यांनी नाही सांगितलेलं. तरी गेलो. टेबलावरच्या नर्सबाई सकाळपासून उभ्या असाव्यात, पायातली चप्पल काढून एका पायावर रेलल्या होत्या.

"शांताबाई सखाराम भालेराव," सर म्हणाले.

त्यांनी कागदांवरून बोट फिरवलं. "नाही."

"शांता भालेराव असं लिहिलंय का?"

"शांताच नाही कोणी. काका, फोनवर पण सांगितलं ना."

सर वळले. इतक्या ठिकाणी ते असेच वळले होते. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली, मीच दचकले, आणि हळूच म्हटलं, "सर, उलट विचारून बघा ना."

त्यांनी ऐकलंच नाही. मी दबक्या आवाजात म्हटलं, "मधुकर सखाराम भालेराव."

"हं, बोला."

"नाव आहे का असं नका विचारू. खाटेवर कोण आहे ते विचारा."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळे एकदम भरून आले त्यांचे. मग नर्सबाईंकडे वळून म्हणाले, "नाव राहू द्या. अशी कोणी आहे का, जिच्याकडे कोणीच आलेलं नाही?"

"तशा आहेत की," नर्सबाई म्हणाल्या. "एक आजी शीळफाट्याला रस्त्याकडेला पडलेल्या. पाय मोडलाय. टेम्पोवाल्याने आणून सोडलं. पण त्यांचं नाव त्यांनी स्वतः सांगितलंय. गजरा. गजरा धोंडू असंच सांगतात. भालेराव वगैरे नाही."

"माझ्या आजोबांचं नाव धोंडू," सर म्हणाले. "आईचे वडील."

कोपऱ्यातल्या खाटेवर शांताबाई होत्या. केस कोणीतरी विंचरून दोन वेण्या घातल्या होत्या. पाय प्लास्टरमध्ये. नर्सबाईंनी हाक मारली, "गजरा आजी," आणि त्यांनी पटकन मान वळवली. सरांनी "आई" म्हटलं. मान वळली नाही. "शांताबाई" म्हटलं. नाही. मग सर खाटेच्या कडेला बसले, घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आईचं हे नाव घेतलं. "गजरा."

"काय?" त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सर बाकावर बसले. मी विचारलं, "आईंचं माहेरचं नाव तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"कोणी घेतलंच नाही माझ्यासमोर. वडील अगं म्हणायचे. मामा ताई म्हणायचा, तोही मी लहान असताना गेला." मग म्हणाले, "तुमचं विचारलं मी. तिचं नाही विचारलं."

शांताबाईंना मोहन्याला घरी आणलं. पाय काही नीट जुळला नाही, त्या उठल्याच नाहीत परत. सरांनी घरून काम सुरू केलं. मध्ये एक रविवार बघून मी आणि नेहा भेटायला गेलो. मी सुक्या बोंबलाची चटणी नेली होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. सर पाठमोरे, कॉम्प्युटरसमोर. नेहा म्हणाली, "सर." काही नाही. "सर, आम्ही आलोय." काही नाही. नेहाने माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला आणि पूर्ण नाव घ्यायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आतून खाटेवरून बारीक आवाज आला, "दगडू."

सर पहिल्या हाकेला उठले. खुर्ची मागे पडली. "आलो ताई," म्हणत आत गेले.

दगडू म्हणजे सर लहान असताना गेलेला त्यांचा तो मामा. आम्ही दारातच थांबलो. आत सर जमिनीवर बसले होते, खाटेच्या उंचीला यायला, आणि म्हातारीचा चांगला पाय मांडीवर घेऊन तेल लावत होते. त्या त्यांच्या केसांतून हात फिरवत होत्या.

"पाणी आणलंस का हिरीवरनं?"

"आणलं की."

"शेळी बांधलीस?"

"बांधली."

"पळंल ती. गळ्यात चिठ्ठी घातलीया म्या, पण पळंल."

"नाही पळणार."

त्या जरा वेळ छताकडे बघत राहिल्या. मग लहान पोर रडायच्या आधी करतं तसं त्यांचं तोंड झालं. "आई कवा यायची रं, दगडू? लई वेळ झाला. आई कुठं गेली?"

सरांचा तेलाचा हात थांबला. त्यांनी चष्मा कपाळावर केला, परत खाली घेतला.

"मीपण तिचीच वाट बघतोय, ताई," ते म्हणाले, आणि परत तेल लावू लागले.